खाडीकाठचे निसर्ग-पंचांग : कोणत्या ऋतूत कोणाची राखण करावी

पाठाचा विषय

मिरा-भाईंदर हे नाव घेताच आज उंच इमारती व उपनगरी गाड्यांची गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. २००२ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली व नगराची वाढ अद्याप चालू आहे. तथापि या नगराच्या हद्दीतच उत्तन, डोंगरी, चौक, पाली, राई, मुर्धा, मोर्वा, घोडबंदर, चेणे, काशी ही जुनी गावे आहेत. त्यांच्या भोवती डोंगर आहे, खाचरे व मिठागरे आहेत, खाडी आहे आणि समुद्रही आहे. एवढ्या लहान क्षेत्रात बिबट्यापासून निवटीपर्यंत नाना प्रकारचे जीव वर्षभर वावरतात. म्हणून या भागाचे उदाहरण घेऊन हा पाठ तयार केला आहे. ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील खाडीकाठच्या कोणत्याही गावास तो थोड्याफार फरकाने लागू पडेल.

निसर्गाचे रक्षण म्हणजे ‘तोडू नका, मारू नका’ असा फलक लावणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी आहे. प्रत्येक जीवाच्या वर्षात एक नाजूक काळ असतो. त्या काळात तो अंडी घालतो, पिले वाढवितो किंवा लांबच्या प्रवासासाठी अंगात शक्ती साठवितो. या काळात माणसाच्या हातून घडलेली लहानशी चूक फार मोठे नुकसान करते. आणि याच काळात घेतलेली थोडीशी काळजी वर्षभर फळ देते. शेतकऱ्यास पेरणीची नक्षत्रे मुखोद्गत असतात. तशीच या जीवांचीही नक्षत्रे ठाऊक असावीत, हा या पाठाचा उद्देश होय.

भूमीचे तीन पट्टे

या भागाच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून त्याचा उत्तरेकडील भाग चेणे, घोडबंदर व काशी या गावांस लागून आहे. मधल्या सखल भागात भातखाचरे व मिठागरे. त्यांच्यापलीकडे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी चिखलट जमीन. तिच्यावर तिवराचे रान वाढते. उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र ही या भूमीची सीमा.

हे तीन पट्टे पाण्याने एकमेकांस जोडलेले आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस चेणे येथील नदीसारख्या प्रवाहांतून खाडीस मिळतो. येताना तो पालापाचोळा व गाळ आणतो. खाडीत गोडे व खारे पाणी मिसळते आणि त्या मिश्र पाण्यात कोळंबीची व अनेक माशांची पिले वाढतात. डोंगर उघडा पडला तर गाळ वाढून खाडी उथळ होते. खाडी बुजली तर पावसाचे पाणी खाचरांत व वस्तीत तुंबते. एका पट्ट्यातील नुकसान दुसऱ्या पट्ट्यात जाऊन पोहोचते, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

तिवर हे बांधाचे कुंपण

खाजणातील झाडांस एकत्रितपणे कांदळवन म्हणतात. त्यात तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी अशा अनेक वनस्पती येतात. या भागात तिवर सर्वाधिक दिसते. चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. मुळांतून शिरलेले जादा मीठ तिवराची पाने बाहेर टाकतात. उन्हात पान पाहिल्यास त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या झाडाचे महत्त्व काय? समजा, एका गावात दोन शेते आहेत. दोहोंच्या खाडीकडील बाजूस मातीचा बांध आहे. पहिल्या बांधापुढे तिवराचा दाट पट्टा राखलेला आहे. दुसऱ्या बांधापुढील तिवर सरपणासाठी तोडून टाकलेले आहे. श्रावणातील उधाणाची भरती येते. पहिल्या ठिकाणी लाटेचा जोर झाडांच्या खोडांत व मुळांत मोडतो, पाणी संथपणे चढते व संथपणे उतरते. उलट त्यातील गाळ मुळांशी बसून बांधाच्या पायथ्यास आधार देतो. दुसऱ्या ठिकाणी लाट सरळ बांधावर आदळते. खेकड्यांच्या बिळांनी आधीच पोखरलेल्या जागी बांधास खांड पडते आणि खारे पाणी उभ्या भातात शिरते. ते पीक तर जातेच. शिवाय मातीत मुरलेले मीठ एका पावसाळ्यात धुऊन निघेलच असे नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षारसहिष्णू भातजाती दिल्या आहेत व त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु कोणतीही जात फुटलेल्या बांधाची जागा घेऊ शकत नाही.

तिवराचा दुसरा लाभ मासळीचा. अनेक जातींच्या कोळंबीचा जन्म समुद्रात होतो. पण तिची पिले भरतीबरोबर खाडीत येऊन कांदळवनाच्या मुळांत आसरा घेतात. तेथे त्यांस गळलेल्या पानांपासून तयार होणारे अन्न मिळते व मोठ्या माशांपासून बचाव होतो. वाढ झाल्यावर ती समुद्राकडे परततात. तेव्हा तिवर तोडणारा माणूस उत्तनच्या कोळ्याच्या जाळ्यातील वाटाही तोडीत असतो.

आता ऋतुमानाप्रमाणे एकेका काळाचा विचार करू.

पावसाळा : मृगापासून उत्तरेपर्यंत

मृगाच्या पहिल्या दमदार सरी पडल्या की ओढ्यांना पाणी येते आणि गोड्या पाण्यातील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने खाचरांकडे चढू लागतात. यालाच वलगण म्हणतात. हे मासे गाभोळीने भरलेले असतात. खाचरातील उथळ व उबदार पाण्यात अंडी घालण्यासाठी ते चढतात. याच वेळी ओढा आडवा बांधून ते सरसकट धरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. एका रात्रीत टोपल्या भरतात, हे खरे. परंतु धरलेल्या प्रत्येक मादीबरोबर पुढील वर्षाचे हजारो मासे नाहीसे होतात. वलगण जुनी आहे व ती अजिबात बंद करा असे सांगून कोणी ऐकणारही नाही. म्हणून गावाने इतका नियम करावा : ओढ्याची निम्मी रुंदी नेहमी मोकळी ठेवावी, पहिल्या दोन रात्री मासे धरू नयेत, आणि पाण्यात विष किंवा ब्लीचिंग पावडर कोणीही टाकू नये. समुद्रावर यांत्रिक नौकांस जून व जुलै महिन्यांत मासेमारीची बंदी असते, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे.

याच सुमारास बेडूक बाहेर पडतात. मोठ्या बेडकाचा नर पहिल्या पावसात पिवळाधमक होतो व रात्रभर ओरडून मादीस बोलावितो. बेडूक भातावरील किडे, नाकतोडे व डास खातो. पूर्वी बेडकांच्या तंगड्या परदेशी जात असत. १९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली. तरीही पहिल्या पावसात बत्ती घेऊन बेडूक धरण्याचे प्रकार काही ठिकाणी घडतात. हा कायद्याने गुन्हा आहे, आणि शेताच्या फुकटच्या रखवालदारास मारण्यासारखे आहे.

मुठे, म्हणजे खाचरातील खेकडे, हे मात्र शेतकऱ्यास त्रास देतात. ते कोवळी रोपे कातरतात व बांधास भोके पाडतात. त्यांच्यासाठी विषारी आमिष टाकल्यास ते विष पाण्यात उतरून बेडूक, मासे व बगळे या सर्वांस बाधते. त्यापेक्षा लावणीच्या दिवसांत रात्री उजेड घेऊन ते हाताने धरावेत, म्हणजे बांधाचा बचाव होतो व घरात कालवणही होते. खाडीतील चिंबोरीविषयी मात्र एक पथ्य पाळावे : लहान चिंबोरी व पोटाशी अंडी असलेली मादी पुन्हा पाण्यात सोडावी.

ताडांवर व शिंदीवर याच ऋतूत सुगरणीची घरटी लोंबू लागतात. सुगरण मोठेपणी दाणे खाते, म्हणून शेतकरी तिच्यावर रुष्ट असतो; परंतु पिलांस ती प्रामुख्याने किडे भरविते. भात पोटरीत येण्यापूर्वीचे तिचे हे काम पिकास उपकारक असते. कोतवाल, वेडा राघू व साळुंकी यांनाही किडे टिपण्यास सोयीचे व्हावे म्हणून लावणीनंतर शेतात हेक्टरी सुमारे २० पक्षीथांबे उभारावेत. दाणे भरू लागताच ते काढून घ्यावेत, नाहीतर त्यांवर दाणे खाणारे पक्षी बसतील.

पावसाळा हाच तिवराच्या बियांचाही काळ. पक्व बिया भरतीच्या पाण्यावर तरंगत जातात व योग्य जागी रुजतात. कांदळाची तर गोष्ट निराळीच. त्याचे बी झाडावरच अंकुरते व शेंगेसारखे लोंबून नंतर चिखलात पडते. या दिवसांत खाजणात गुरे सोडल्यास कोवळी रोपे खाल्ली व तुडविली जातात. म्हणून निदान आषाढापासून आश्विनापर्यंत खाजणात चराई बंद ठेवावी.

भातकापणीचा काळ : हस्तापासून दिवाळीपर्यंत

श्रावण-भाद्रपदापासूनच उत्तरेकडील पाहुणे पक्षी येऊ लागतात. मध्य आशिया व सैबेरिया येथील थंडी टाळण्यासाठी ते हजारो किलोमीटर उडून भारतात येतात. तुतवार, चिखले, पाणटिवळे हे चिखलात किडे शोधणारे पक्षी आधी येतात. बदके मागाहून येतात. आलेला पक्षी थकलेला व रोडावलेला असतो. त्यास अन्न व विसावा यांची तातडीने गरज असते.

डोंगरात या दिवसांत रानफुलांचा बहर असतो. कारवी दर ८ वर्षांनी एकदा फुलते. राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ व २०२४ साली फुलली. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती या भागात पूर्वी सर्रास होत्या. फुलल्यावर बी धरून ती झाडे मरतात व त्या बियांपासून नवी पिढी उगवते. म्हणून बहराच्या वर्षी बी पडेपर्यंत कारवीस हात लावू नये.

कापणीच्या वेळी उंदीर फार माजतात. उंदराचे खरे शत्रू दोन : घुबड व धामण. गव्हाणी घुबड ओसाड घरात किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत राहते व रात्रभर उंदीर टिपते. त्यास अपशकुनी समजून हाकलणे हा आपल्याच धान्यावर केलेला अन्याय होय. धामण बिनविषारी असून उंदरांच्या बिळात शिरते. परंतु खाचरात नाग, घोणस व मण्यार हे विषारी सापही असतात, याचे भान राखावे. कापणी एका बाजूने करीत जावी, म्हणजे सापास निघून जाण्यास वाट राहते. भारा उचलण्यापूर्वी काठीने हलवावा. पायांत बूट असावेत. कोणास सर्पदंश झालाच तर जखम चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंशाचा अवयव हलू न देता रुग्णास विनाविलंब सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मांत्रिकाकडे घालविलेला वेळ प्राणावर बेततो.

हिवाळा : मिठागरांचा व पाहुण्यांचा काळ

पाऊस सरला की मिठागरांचे बांध व वाफे दुरुस्त होतात, त्यांत भरतीचे पाणी घेतले जाते आणि उन्हाने मीठ तयार होऊ लागते. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळू लागतात. याच महिन्यांत खाडी पक्ष्यांनी भरून जाते.

ओहोटीच्या वेळी खाजणाकडे पाहिले असता हे पक्षी एकाच जागी गर्दी करून चरतात असे वाटते. पण प्रत्येकाचे काम वेगळे असते. आखूड चोचीचा चिखले वरच्या थरातील किडे टिपतो, लांब चोचीचा पाणटिवळा खोल रुतलेले जीव ओढून काढतो, उंच पायांचा शेकाट्या पाण्यात उभा राहून खातो, थापट्या बदक चपट्या चोचीने पाणी गाळून घेते. भरती आली की हे सर्व पक्षी मिठागरांच्या बांधांवर व उथळ वाफ्यांत विसाव्यास येतात. खाजण हे त्यांचे शेत व मिठागर हे त्यांचे घर, असे म्हणता येईल. एक गेले तर दुसरे निरुपयोगी ठरते.

फाल्गुनापासून पक्षी परतीच्या प्रवासाची तयारी करतात. त्यासाठी अंगात चरबी साठवावी लागते. अशा वेळी भटकी कुत्री, फटाके, छायाचित्रासाठी फार जवळ जाणारी माणसे यांमुळे थवा पुनःपुन्हा उडाला, तर साठविलेली शक्ती वाया जाते. म्हणून भरतीच्या वेळी विसाव्यास बसलेल्या थव्यापासून दूर राहावे. जाळे किंवा फासे लावणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

मुंबई परिसरातील कांदळवनांत सोनेरी कोल्हाही राहतो. खेकडे, उंदीर व मेलेली जनावरे हे त्याचे खाद्य. तो सहसा माणसाच्या वाटेस जात नाही. मात्र दिवसा भ्रमिष्टासारखा हिंडणारा किंवा अंगावर येणारा कोल्हा दिसल्यास त्यास पिसाळ असण्याचा संभव धरून दूर राहावे व वनविभागास कळवावे. कुत्रा किंवा कोल्हा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने सुमारे १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात लस घ्यावी.

डोंगराच्या पायथ्याशी प्रश्न बिबट्याचा असतो. २०१८ साली केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय उद्यान व त्याच्या परिसरात ४७ बिबटे नोंदले गेले. पायथ्याच्या वस्तीकडे बिबट्यास खेचणारी वस्तू म्हणजे कुत्रा, आणि कुत्र्यास खेचणारी वस्तू म्हणजे उघड्यावर टाकलेला कचरा. म्हणून चेणे, काशी व घोडबंदर या बाजूच्या वस्त्यांत कचऱ्याची विल्हेवाट हेच बिबट्यापासून पहिले संरक्षण होय. शेळ्या-कोंबड्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवाव्यात, मुलांस अंधारात एकटे सोडू नये, बाहेर जाताना बत्ती घ्यावी व बोलत जावे. बिबट्या दिसला तर गर्दी करून त्यास घेरू नये. घेरलेला बिबट्याच बहुधा हल्ला करतो. ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या नावाने वनविभागाने २०११ साली नागरिकांना बरोबर घेऊन जे काम सुरू केले, त्याचे सार हेच आहे.

उन्हाळा : शिमग्यापासून रोहिणीपर्यंत

पळस, पांगारा व सावर फुलल्या की डोंगरातील पक्षी, माकडे व मधमाश्या त्यांवर जमतात. त्यामागोमाग खाडीत तिवराचा मोहोर येतो व मधमाश्या तिकडे वळतात. परंतु याच काळात डोंगरास वणव्याचे भय असते. वणव्यात गवत जळते, तसे जमिनीवरील घरटी, सरडे, कासवे व पुढील पावसाळ्यात उगवणारी रोपेही जळतात. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात खाडीकडे वाहू लागते.

भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत येथेही एक कारण ठरते. राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात व राबाची ठिणगी उडून वणवा लागतो. राबामुळे तण मरते, हे खरे आहे. परंतु गादीवाफा तयार करून त्यात कुजलेले शेणखत मिसळले, बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडला व वेळीच बेणणी केली, तर राबाविनाही जोमदार रोपे मिळतात. राब भाजणे अगदीच अटळ असेल तर भोवती रुंद पट्टा साफ करावा, वारा पडलेला असताना सकाळी पेटवावा व विझेपर्यंत तेथून हलू नये.

टिटवी व शेकाट्या या काळात जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, असा जुना समज आहे. समज खरा असो वा नसो, त्याच्यामुळे शेतकऱ्याची नजर त्या अंड्यांकडे वळते ही गोष्ट चांगली. अंडी मातीच्या रंगाची असल्यामुळे नांगराखाली किंवा गाड्याखाली सहज चिरडतात. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला की तेथे घरटे आहे असे समजावे, जागेवर चार काठ्या रोवून खूण करावी व तेवढा तुकडा पिले निघेपर्यंत सोडावा. टिटवीची पिले अंड्यातून निघताच चालू लागतात, त्यामुळे फार दिवस थांबावे लागत नाही.

खारबांधाची दुरुस्तीही उन्हाळ्यातच उरकावी. माती आतील बाजूने घ्यावी. बाहेरील पायथ्याची माती काढल्यास बांध कमकुवत होतो व तिवराची मुळे उघडी पडतात. उघाडीच्या झडपा तपासून साफ कराव्यात, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर जाईल व खारे पाणी आत येणार नाही.

रक्षणाचे आजवरचे प्रयत्न

फार वर्षे तिवराच्या रानास ‘पडीक जागा’ मानले जाई. १९९१ सालच्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने किनाऱ्यावरील बांधकामास प्रथम मर्यादा घातल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबई पाण्याखाली गेली, तेव्हा बुजविलेल्या खाड्या व खाजणे यांची किंमत सर्वांस कळली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास व त्याच्या भोवती ५० मीटर अंतरात बांधकाम करण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निर्णय देऊन न्यायालयाने ही मनाई कायम केली. सार्वजनिक कामासाठी कांदळवन तोडणे भाग असल्यासही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

२०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले व २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. २०१७ सालच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेने खेकडापालन, कालवपालन यांसारखे व्यवसाय किनाऱ्यावरील लोकांस सुचविले. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला.

कायदा आहे, कक्ष आहे. तरीही रात्रीच्या वेळी इमारतींचा राडारोडा खाजणात टाकण्याचे प्रकार घडतात. यातील युक्ती समजून घ्यावी. झाडास कुऱ्हाड लावण्याची गरजच नसते. भरतीचे पाणी आणणारी लहानशी नाळ भरावाने बुजविली की आतील पाणी अडते किंवा आटते. श्वासाची मुळे बुडून किंवा सुकून तिवर उभ्याउभ्या मरते. मग ‘येथे कांदळवन नव्हतेच’ असे म्हणण्यास वाट मोकळी होते. म्हणून वाळत चाललेले तिवर दिसले की प्रथम पाण्याची वाट कोठे अडली ते पाहावे.

गावाने व कार्यकर्त्याने करावयाची कामे

१. गावाच्या नकाशावर ओढे, नाळी, उघाड्या, तिवराचा पट्टा व पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा दाखवाव्यात. दरवर्षी कापणीनंतर व पावसाळ्यापूर्वी अशी दोनदा पाहणी करून बदल लिहून ठेवावा.

२. भराव, तोड किंवा शिकार दिसताच दिनांक, वेळ, जागा व वाहनाचा क्रमांक टिपून छायाचित्रासह तहसील कार्यालय, पोलीस व वनविभाग यांस कळवावे. वनविभागाचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. एकट्याने अडविण्यास जाऊ नये.

३. तिवराची लागवड जेथे पूर्वी तिवर होते व जेथे भरतीचे पाणी पोहोचते तेथेच, वनविभागाच्या सल्ल्याने करावी. पक्षी चरतात त्या मोकळ्या चिखलावर झाडे लावू नयेत. बुजलेली नाळ मोकळी केल्यास पुष्कळदा बी आपोआप येऊन रुजते. ती लागवड सर्वांत स्वस्त व टिकाऊ असते.

४. वलगण, चराई व राब यांविषयीचे नियम गावकऱ्यांनी बैठकीत स्वतः ठरवावेत. वरून लादलेल्या नियमापेक्षा गावाने ठरविलेला नियम अधिक पाळला जातो. कोळी, आगरी, आदिवासी व मिठागरांतील कामगार या सर्वांचे म्हणणे ऐकावे. खाडीची खरी माहिती त्यांच्याजवळ आहे.

५. शाळेतील मुलांकडून महिनावार नोंदवही ठेववावी : पहिला बेडूक केव्हा ओरडला, पहिला पाहुणा थवा केव्हा आला, तिवर केव्हा मोहोरले. चार-पाच वर्षांच्या नोंदींतून गावाचे स्वतःचे निसर्ग-पंचांग तयार होईल.

समारोप

कुंपणच शेत खाते, अशी म्हण आपल्याकडे आहे. खाडीकाठी उलट घडते. येथे शेतच कुंपण खाऊ पाहते. जागेच्या लोभाने एकदा तिवर गेले की बांध उघडा पडतो, बांध गेला की भात जाते, आणि त्याबरोबर कोळंबी, चिंबोरी व पाहुणे पक्षीही जातात. नगर वाढत असता उरलेली खाचरे व खाजणे किती काळ टिकतील, हे मोठ्या निर्णयांवर अवलंबून आहे खरे. परंतु ओढ्याची निम्मी वाट मोकळी ठेवणे, टिटवीच्या घरट्याभोवती चार काठ्या रोवणे, वाळत्या तिवराची वेळेवर खबर देणे ही कामे कोणाच्याही परवानगीवाचून आजच सुरू करता येतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वलगणीच्या वेळी मासे सरसकट धरल्यास पुढील वर्षी काय परिणाम होईल?

२. खाडीतील पक्ष्यांस खाजण व मिठागर या दोहोंची गरज का असते?

३. कुऱ्हाड न लावताही तिवर कसे मरते? आपल्या गावात अशी जागा आहे काय?

४. आपल्या गावासाठी चालू महिन्यात कोणत्या जीवाची राखण करणे अगत्याचे आहे?